हातचे हत्यार : लाकडी ओपनर कसा करावा



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीतला हा माणूस संप, बोनस, कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला, 'बाटली उघडण्याचा लाकडी ओपनर घरच्या घरी कसा करावा'. चिटणिसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. एका सभासदांनी तर आवाज खाली आणून विचारले, "अहो, बाटली कसली?" सोड्याची, असे मी त्यांना सांगितले. आपणही तसेच समजावे.

मी शाळा नववीत सोडली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि पदपथावर मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांतून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून करू नये. मला ठाऊक आहे ते एवढेच की, एखादी साधी वस्तू मुळापासून समजून घेतली म्हणजे तिच्यामागे पुष्कळ गोष्टी उलगडत जातात. आपला ओपनर म्हणजे वीतभर लाकूड आणि एक स्क्रू, यापलीकडे काही नाही. परंतु तो नीट चालायचा तर तीन गोष्टींचा हिशेब करावा लागतो. बूच बाटलीला कसे धरते, तरफ कशी चालते आणि लाकूड कोठे फाटते. हे तीन हिशेब जमले तर ओपनर जमला. ते न जमले तर हातात नुसता दांडका राहतो.

आधी बुचाकडे पाहू.

बाटली उघडायला लाकूड वापरणे आपल्याकडे नवे नाही. गोटीचा सोडा आपण सर्वांनीच प्यालेला आहे. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२ साली पेटंट केली. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते, तोंडाशी रबराची कडी असते, आणि आतला वायूच त्या गोटीला वर दाबून बाटली बंद ठेवतो. सोडावाला गोटीवर लाकडी दट्ट्या ठेवून वरून दाबतो, फट्‌ असा आवाज होतो आणि गोटी खाली उतरते. तेथे वायूच्या जोरावर मात करायची असते, म्हणून दाबावे लागते. पत्र्याच्या बुचाचे काम नेमके उलटे आहे. ते उचलावे लागते.

हे पत्र्याचे बूच काढले अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या विल्यम पेंटर याने. त्याचे पेटंट २ फेब्रुवारी १८९२ चे आहे. गंमत अशी की, कॉड आणि पेंटर हे दोघेही १८३८ साली जन्मलेले. एकाने बाटली आतून बंद केली, दुसऱ्याने बाहेरून. पेंटरच्या बुचाला कडेने चोवीस दाते होते, आजच्या बुचाला एकवीस असतात. घरी गेल्यावर एखादे बूच हातात घेऊन मोजून पाहावे. मी सांगितले म्हणून मान्य करू नये.

बाटलीवर बसण्यापूर्वी हे बूच पसरट ताटलीसारखे असते. यंत्र ते बाटलीच्या तोंडावर ठेवते आणि त्याची कड खाली व आत दाबते. त्याबरोबर ते दाते काचेच्या ओठाखाली आवळून बसतात. आतून पूर्वी कॉर्कची चकती असे, आता प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. वायू अडवण्याचे काम तो थर करतो. पत्रा त्याला फक्त जागेवर धरून ठेवतो. पत्र्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर. बसलेल्या बुचाचा व्यास सुमारे २९ मिलिमीटर आणि उंची सुमारे ६ मिलिमीटर. ही शेवटची दोन मापे ध्यानात ठेवावीत. आपला सारा ओपनर त्यांच्यावर बेतलेला आहे.

असे घट्ट बूच लावल्यावर ते काढायचे कसे, हा प्रश्न पेंटरपुढेही आला. १८९४ साली त्याने ओपनरचेही पेटंट मिळवले. आधी कुलूप विकले, मग किल्ली विकली, असा हा व्यवहार होता. पण ज्याच्याजवळ किल्ली नसते, त्याचे काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

१९९० च्या उन्हाळ्यात मी थंड पेयाच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हंगामी कामाला होतो. दिवसभर आमच्या डोळ्यांपुढून बुचे लागलेल्या बाटल्यांची रांग जात असे. पण आम्ही जेथे जेवत असू, त्या जागेत एक साधा ओपनर नव्हता. सुट्टीत एखादी बाटली मिळाली की कोणी ती दाराच्या कोयंड्यात अडकवून उघडी, कोणी दातांनी उघडी. एके दिवशी एका सोबत्याने बुचाची कड लोखंडी चौकटीच्या काठावर टेकवली आणि वरून तळहाताचा फटका मारला. बूच निघाले नाही. बाटलीचा गळाच फुटला आणि काच तळहातात शिरली. काच दाब पुष्कळ सोसते, पण फटका आणि वाकवणे तिला सोसत नाही, हे मला पुढे कळले. त्या दिवशी कळले ते एवढेच की, त्याच्या दोन बोटांच्या नसा तुटल्या.

ठेकेदाराचे म्हणणे पडले, ही इजा काम करताना झालेली नाही, बाटली पिताना झाली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे इजा कामातून आणि काम चालू असताना झालेली असावी लागे. त्या शब्दांवर दोन वर्षे वाद चालला. अखेर थोडी रक्कम मिळाली. बोटे मात्र पुन्हा वाकली नाहीत.

आम्ही पंचवीस-तीस जणांनी मिळून एक कागद लिहिला. जेवणाच्या जागेत ओपनर बसवावा, एवढीच त्यात मागणी होती. माझ्या आयुष्यातला तो पहिला मागणीचा कागद. तो हसण्यावारी गेला. "ओपनरसाठी अर्ज करतात!" असे म्हणून साहेबांनी तो परत पाठवला.

मी घरी येऊन बाबांना हे सांगितले. बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात ते उतरले आणि पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. चाळीच्या गॅलरीत त्यांनी एक जुने बाक मांडले होते आणि त्यावर ते शेजारपाजारच्या खुर्च्या, पाट, पोळपाट दुरुस्त करीत. माझ्या घरचा कारखाना तो तेवढाच. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही एक ओपनर करून द्या ना." ते म्हणाले, "मी देणार नाही. तू कर, मी बघतो. आधी बूच बघ, मग दात कर."

तेव्हा त्यांनी मला जे शिकवले, ते आता आपल्यापुढे ठेवतो.

ओपनर ही एक तरफ आहे. तरफ म्हटली की आपल्याला पहार आठवते, पण ओपनरचा खरा सख्खा भाऊ म्हणजे अडकित्ता. अडकित्त्याचा बिजागरीचा सांधा एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला. ओपनरचेही तसेच आहे. दांड्याचे पुढचे टोक बुचाच्या माथ्यावर टेकते, तो टेकू. त्याच्या थोडे मागे स्क्रूचा माथा बुचाच्या कडेखाली अडकतो, ती सुपारीची जागा. आणि दांड्याच्या मागच्या भागाला हात, तो वर उचलायचा.

आता हिशेब करू. टोकापासून स्क्रू २० मिलिमीटरवर आहे आणि हात सुमारे १२० मिलिमीटरवर आहे, असे धरा. म्हणजे हात सहापट लांब आहे. हाताने ३ किलो वजन उचलण्याइतका जोर लावला, तर बुचाच्या कडेवर १८ किलोंचा जोर पडतो. एकवीस दात्यांपैकी समोरचे तीन-चार दाते सरळ व्हायला तेवढे पुरे होते. परंतु हे बळ फुकट मिळत नाही. हात बराच वर जातो तेव्हा कड थोडीशी उचलली जाते. शिवाय १८ मधून ३ गेले, राहिले १५. तेवढ्या किलोंचा दाब दांड्याचे टोक बुचाच्या माथ्यावर देते. टोकाला मऊ लाकूड चालत नाही, ते ह्यामुळे. आणि उरलेले ३ किलो बाटलीलाच वर ओढतात, म्हणून दुसऱ्या हाताने बाटली धरावी लागते. हा जमाखर्च मला बाबांनी बाकावर खडूने मांडून दाखवला होता. आर्किमिडीजचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. त्याने हा नियम बावीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला, हे मी पुढे वाचले आणि त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबर असणार."

आता कामाला लागू.

लाकूड १५० मिलिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ जाड घ्यावे. सागवान चांगले, शिसव किंवा बाभूळ अधिक कठीण. लाकडाच्या वखारीत असले तुकडे जळणात पडलेले असतात. आंबा किंवा देवदार घेऊ नये, टोक दबते. लाकूड वाळलेले असावे, त्यात गाठ नसावी आणि त्याचे रेषे लांबीच्या दिशेने गेलेले असावेत. रेषे आडवे असलेला तुकडा बिस्किटासारखा मोडतो.

स्क्रू पोलादी, १० नंबरचा, एक इंची आणि गोल माथ्याचा. ह्यात तडजोड करू नये. चपट्या माथ्याचा स्क्रू लाकडात बुडावा म्हणून त्याचा माथा खालून निमुळता केलेला असतो. बुचाची कड त्यावरून घसरते. गोल माथ्याची खालची बाजू सपाट असते, तीच आपला दात. पितळी स्क्रू दिसायला छान, पण मऊ.

लाकडाच्या रुंद बाजूवर मधोमध लांबीची रेघ मारावी. पुढच्या टोकापासून २० मिलिमीटरवर खूण करावी. हे माप आले कोठून? बुचाचा व्यास २९, त्याचा निम्मा साडेचौदा. त्यात स्क्रूच्या दांडीची निम्मी जाडी मिळवली की सुमारे १७ होतात. म्हणजे २० वर स्क्रू बसवला तर टोक बुचाच्या मध्याच्या किंचित पुढे टेकते. स्क्रू टोकाजवळ, १० वर आणला, तर हिशेबाने जोर वाढेल, पण टोकाशी लाकूड उरत नाही आणि ते फाटते. उलट ३५ वर नेला, तर बुचाची पलीकडची कड टेकू होऊन बसते आणि सहापटीचा जोर चौपटीच्याही खाली येतो.

खुणेवर आधी दाभणाने खळगा पाडावा, मग ३ मिलिमीटरच्या ड्रिलने सरळ भोक पाडावे. खोली १७ मिलिमीटर. ड्रिलला त्या मापावर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला की चूक होत नाही. भोक न पाडता स्क्रू पिळला, तर तो पाचरीसारखे काम करतो आणि टोकाचे लाकूड रेषेवर उभे चिरते. पहिला तुकडा मी असाच घालवला. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त दुसरा तुकडा पुढे सरकवला.

स्क्रू बसवण्यापूर्वी दांड्याला आकार द्यावा. मागचा भाग मुठीत बसेल इतका करवतीने आणि कानशीने निमुळता करावा, धारा मोडाव्यात, आणि ८०, १२०, २२० अशा क्रमाने पॉलिश पेपर मारावा. मात्र पुढच्या टोकाची खालची धार गोल करू नये. ती गोल झाली की टेकू मागे सरकतो आणि मघाचा हिशेब बिघडतो. हे काम करताना नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधावा. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे. आमच्या सुतार मंडळींना ते कोणी सांगितले नव्हते.

आता स्क्रू. त्याच्या आट्यांना थोडा साबण लावावा, म्हणजे तो सहज जातो. लाकडाचा पृष्ठभाग आणि स्क्रूच्या माथ्याची खालची बाजू यांमध्ये ८ मिलिमीटर अंतर राहील तेथे थांबावे. बुचाची उंची ६, वरचे २ माथा कडेखाली सरकायला मोकळीक. अंतर ६ च ठेवले तर माथा कडेखाली जात नाही. १२ ठेवले तर दांडा पुष्कळ उचलावा लागतो आणि माथा निसटतो. अशा स्क्रूच्या एका फेऱ्याला सुमारे २ मिलिमीटर फरक पडतो. म्हणून शेवटी अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करून माप जुळवावे. ओपनर चांगला की वाईट, ते ह्या अर्ध्या फेऱ्यात ठरते.

चाचणी सोड्याच्या बाटलीवर घ्यावी. बाटली हलवलेली नसावी, ती सपाट जागी ठेवावी, गळ्याभोवती फडके गुंडाळून धरावी आणि तोंड तिच्यावर आणू नये. टोक बुचावर, माथा कडेखाली, मग दांडा सावकाश वर. झटका देऊ नये. एका बाजूने बूच सुटले नाही तर बाटली थोडी फिरवून पुन्हा उचलावे.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि दर हात पुरता वाळू द्यावा. तेलाचे फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे. चाळीत राहणाऱ्याने तर हे विसरूच नये.

असा ओपनर मी कारखान्यात नेला आणि जेवणाच्या जागी दोरीने खिळ्याला बांधला. दोन दिवसांत त्याच्याभोवती चर्चा सुरू झाली. स्क्रू एवढाच बाहेर का, लाकूड हेच का, असे लोक विचारू लागले आणि मला उत्तरे देता येऊ लागली. दीड महिन्याने कारखान्याने भिंतीला लोखंडी ओपनर बसवला. तो आमच्या लाकडाला लाजून बसवला, की नुकसानभरपाईच्या दाव्याला भिऊन बसवला, हे मला सांगता येणार नाही. श्रेय घेण्याची आमच्या धंद्यात सवय असते, पण येथे मी ते घेत नाही.

मी घेतला तो धडा निराळा. पहिल्या कागदात आम्ही लिहिले होते, 'ओपनर बसवावा'. त्यावर हसता आले. पुढे यंत्राच्या साखळीवर जाळी बसवण्याची मागणी केली, तेव्हा आम्ही आधी साखळी मोजली, बोट कोठून आत जाऊ शकते ते पाहिले, आणि जाळीचे छिद्र किती असावे, ती किती अंतरावर असावी, हे कागदावर मांडले. त्या कागदावर कोणाला हसता आले नाही. त्यावर उत्तर द्यावे लागले. मागणीला संख्येचे बळ लागतेच, पण तिच्यात मापही असावे लागते. आणि ते माप साहेबाच्या टेबलावर नसते, काम करणाऱ्याच्या हाताजवळ असते. ते तेथून उचलून कागदावर आणणे, एवढेच माझे गेल्या तीस वर्षांचे काम आहे.

पेंटरविषयी आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. त्याच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा एक विक्रेता होता. लोक एकदा वापरून फेकून देतील अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल, असे पेंटरने त्याला सुचवले होते, ही हकिकत जिलेटनेच पुढे सांगितली. त्यातून दाढीचे पाते निघाले. बूच, पाते यांना हे धोरण लागू पडले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हंगामापुरता घेतलेला आणि हात कापला की बदललेला माणूस पाहतो, तेव्हा हे धोरण कोठवर आले ते दिसते.

बूच उघडले की फेकले जाते. ओपनर मात्र खिळ्यावर परत जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम करतो. बाबा आज नाहीत. त्यांच्या देखरेखीखाली केलेला तो दांडा लोखंडी ओपनर आल्यावर मी घरी आणला, तो अजून माझ्याजवळ आहे. टोक थोडे दबले आहे, स्क्रू एकदा बदलला आहे. ८ मिलिमीटरचे माप मात्र तेच आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी मुले आहेत, त्यांनी सुट्टीत त्यांच्याकडून एक ओपनर करून घ्यावा. करून देऊ नये, करून घ्यावा. पहिला तुकडा चिरला तर रागावू नये. दुसरा पुढे सरकवावा.